सातव्या फ्रेममधली सावली

छत्रपती संभाजीनगर,
१२ एप्रिल २०२५

अनिसाभाभींना सुदर्शनचा नमस्कार.

जावेदला जाऊन आज एकवीस दिवस झाले. तुम्ही इद्दतीत आहात, चार महिने दहा दिवस परक्या माणसासमोर यायचं नाही, फोनवरही नाही, असं जावेदच्या आईनं, चाचींनी सांगितलं. म्हणून हा कागद. लग्नाच्या अल्बमवर 'शुभविवाह' लिहिण्यापलीकडं याच्या हातून मराठी उतरत नाही, असं जावेद माझ्याबद्दल म्हणायचा. तुम्ही बालवाडीच्या पोरांना शिकवता, तुम्हाला चुका दिसतील. दिसल्या तर सोडून द्या.

काय झालं ते तुमच्यापर्यंत तुकड्यातुकड्यानं आलं असेल, तेही रडारडीत. एकदा सरळ लिहितो.

लडाखला आमचा तो नववा दिवस होता. सहा दिवसांचं ठरलं होतं, आभाळ उघडेना म्हणून तीन दिवस वाढले. त्या तळ्याचं नाव लिहीत नाही, मला ते आता उच्चारवत नाही. मैलोन्‌मैल गोठलेलं तळं आणि पलीकडच्या काठाला एकामागं एक डोंगर, वरपासून खालपर्यंत पांढरे. असल्या एका फोटोसाठी मी दहा वर्षं झुरतोय हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्याकडं जेवायला बसलो की मी दुसरं काही बोलतच नसे. संध्याकाळी पाचच्या सुमाराला ऊन पडलं. मी काठावर कॅमेरा लावत होतो, ड्रायव्हर गाडीपाशी चहा करत होता. जावेद फिरत फिरत बर्फावर गेला. मी हाक मारली. वारा असा होता की माझी हाक मलाच ऐकू आली नाही. मग बर्फ मोडला.

मी धावलो. ड्रायव्हरनं मला कमरेला धरून मागं ओढलं. हे खरं आहे, त्याला विचारता येईल, त्याचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. दुसऱ्या दिवशी दुपारी गावातल्या लोकांनी जावेदला बाहेर काढलं.

दफनाच्या दिवशी चाचींनी मला विचारलं, माझा पोरगा शेवटी काही बोलला का. मी म्हणालो, सकाळी घरून फोन आला होता, त्यानंतर गप्प गप्प होता. चाचींनी तुम्ही बसला होतात त्या आतल्या दाराकडं पाहिलं. फोनवर तुम्ही 'फिर ईद भी वहींच करो' म्हणालात हे मला त्या वेळी माहीत नव्हतं. चाची तेव्हा तुमच्या शेजारी बसून भाजी निवडत होत्या, त्यांनीच मग ते सगळ्या बायकांना सांगितलं. मला ते आवडलं नाही. पण आईनं विचारल्यावर काहीतरी सांगावं तर लागतंच.

त्याच्या सामानात तुमच्या छोटीसाठी घेतलेली लोकरीची टोपी आहे. पिशवी चाचांकडं दिली आहे. ही वेळ कुणाचा दोष काढायची नाही, एवढंच मी सगळ्यांना सांगतोय.

तुमचा,
सुदर्शन


छत्रपती संभाजीनगर,
९ जून २०२५

अनिसाभाभी,

उत्तर आलं नाही. इद्दतीत पत्र लिहायला मनाई असते का, हे मी आमच्या गल्लीतल्या मौलानांना विचारलं. ते म्हणाले, तशी काही मनाई नाही. असो.

एक बातमी तुम्हाला बाहेरून कळण्याआधी मी सांगावी म्हणून लिहितोय. जावेदचा तळ्यावरचा शेवटचा फोटो मी पुण्यातल्या प्रदर्शनाला पाठवला होता. त्याला पहिलं बक्षीस मिळालं. समोर सगळे डोंगर, मधे निळा बर्फ, आणि त्यात करंगळीच्या नखाएवढा लाल जॅकेटवाला माणूस, कॅमेऱ्याकडं तोंड करून हात वर केलेला. मी फोटोला नाव दिलं 'निरोप'. पेपरवाल्यांनी छापलं की मित्रानं जाता जाता हात हलवून जगाचा निरोप घेतला. लोक फोटोपुढं उभे राहून रडले. एका बाईंनी माझे हात हातात घेतले. मी तिथं गप्प उभा राहिलो, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. लोकांच्या हळदी आणि वराती काढण्यात पंधरा वर्षं गेली, पहिल्यांदाच कुणीतरी मला कलावंत म्हणालं.

काल बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी तो फोटो फ्रेम करून फर्दापूरला घेऊन गेलो होतो. तुम्ही आतल्या खोलीत होतात. पडद्याखालून छोटीचे पाय दिसत होते, एका पायात पैंजण नव्हतं. चाचींनी फोटो नको म्हटलं, घरात तसबीर लावत नाहीत म्हणाल्या. चाचांनी मात्र तो उजेडात नेला आणि बराच वेळ बघितला.

चाचा कसे बघतात तुम्हाला माहीत आहे. वीस वर्षं त्या माणसानं अजिंठ्याच्या लेण्यांबाहेर आरसा धरून ऊन आत सोडलं, आणि आत पांढरं कापड धरून जावेदनं ते ऊन चित्रावर टाकलं. उजेड कुठून येतो आणि कुठं पडतो, हे त्या घरातल्या माणसांना शिकवावं लागत नाही. आत-बाहेर आवाज घुमायचा, बोललेलं कळायचं नाही, म्हणून बापलेकांनी हाताच्या खुणा ठरवल्या होत्या. त्याच खुणा जावेदनं माझ्याकडं लाईटमन म्हणून आल्यावर मला शिकवल्या. डीजेपुढं बोंबलून काय उपयोग. तुमच्या वलीम्याच्या दावतीला तर नवरदेव स्टेजवर बसूनच मला खुणा करत होता, लाईट डावीकडं घे म्हणून. तुम्ही घुंगटातून हसलात, तो फोटो आहे माझ्याकडं.

तर चाचांनी विचारलं, "सूरज तुज्या पाठीमागं व्हता?"

मी हो म्हणालो.

"डोंगरावर ऊन हाय. पोराच्या तोंडावर ऊन हाय. येळ सांजची, सावल्या लांब. मंग तुजी सावली कुटं गेली?"

मी म्हणालो, चाचा, मी जरा उंचावर होतो, सावली बाजूला पडली.

"उंचावरच्या माणसाची सावली लांब पडती, बाजूला नाय पडत," ते म्हणाले आणि फोटो कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवला. मी चहा अर्धा टाकून निघालो. चाचींना सांगा, मला उशीर होत होता.

सुदर्शन


छत्रपती संभाजीनगर,
१७ ऑगस्ट २०२५

अनिसाभाभी,

फर्दापूरच्या चौफुलीवर चहाची गाडी लावणाऱ्या कडूबाला तुम्ही ओळखता. घरच्या लग्नाच्या फोटोंची तारीख ठरवायला तो काल स्टुडिओत आला होता. त्यानं सांगितलं, इद्दत संपली त्याच आठवड्यात जावेदच्या आईनं सुनेला माहेरी धाडलं. एक बॅग घेऊन तुम्ही काळीपिवळीत बसलात आणि अजिंठ्याला गेलात. छोटी चाचींच्या कडेवर होती, तिला खाली सोडलं नाही. "जुबान से मारा मेरे बच्चे कू," असं चाची चौफुलीवर सगळ्यांदेखत म्हणाल्या, आणि तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, असं कडूबा म्हणाला. "बोलायला पायजे व्हतं बाईनं," असंही म्हणाला.

फर्दापूर ते अजिंठा एक घाट आहे फक्त. तेवढ्यासाठी तुम्हाला तुमचं लेकरू दिसत नाही, हे मला कळत नाही असं समजू नका.

खरं तर मला तुमचा राग आलाय. दोन पत्रं लिहिली, तुम्ही एक ओळ लिहिली नाहीत. एक ओळ लिहिली असतीत, मला चार शिव्या दिल्या असत्यात, तर मला पुढं बोलायला जागा झाली असती. एकट्यानं किती बोलायचं माणसानं.

बरं, ऐका. पहिल्या पत्रात मी लिहिलं की जावेद फिरत फिरत बर्फावर गेला. तो आपणहून गेला नव्हता. मी त्याला उभं केलं होतं. आमच्या कामात असं असतं की नुसता डोंगर काढला तर तो किती मोठा आहे ते कागदावर कळत नाही, शंभर फुटांची टेकडी आणि वीस हजार फुटांचा कडा सारखेच दिसतात. म्हणून लांब कुठंतरी एक माणूस उभा करायचा. सगळेच करतात. गौताळ्यात, लोणारला, देवगिरीवर, जावेद माझ्या प्रत्येक फोटोत असा उभा आहे. त्यासाठीच लाल जॅकेट घेतलं होतं.

आणि चाचांनी सावली विचारली तीही होती. फोटोच्या खालच्या कडेला पडली होती. मी ती कापली. त्यातही नवल नाही, आपली सावली फोटोत आली तर सगळेच कापतात. जावेद असता तर त्यानं आधीच ओरडून सांगितलं असतं, शेठ, सावली येतेय. मला शेठ म्हणायचा तो, स्टुडिओवर माझं नाव आहे म्हणून चिडवायला.

काठाला ड्रायव्हरनं दगडांची एक ओळ दाखवली होती, मार्चमध्ये बर्फ खालून वितळतो, याच्या पुढं जायचं नाही म्हणाला होता. जावेद त्या ओळीच्या आत होता. त्याच्या पुढं तो स्वतःच गेला असणार. मी लेन्समधून बघत होतो, मला पायाखालचं दिसत नव्हतं.

चाचींशी मी बोलेन. आत्ता लग्नसराई नाही, पण श्रावणात साखरपुडे आणि डोहाळजेवणं आहेत, सवड झाली की जातो.

सुदर्शन


छत्रपती संभाजीनगर,
२ नोव्हेंबर २०२५

अनिसाभाभी,

मी गेलो नाही. अडीच महिने झाले. मधे तीनदा सिल्लोडपर्यंत जाऊन परत आलो. एकदा तर अजिंठ्यात, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करून पंधरा मिनिटं बसलो होतो.

हे पत्र लिहितोय ते प्रेरणामुळं. स्टुडिओत अल्बमची मांडणी तीच करते हे तुम्हाला माहीत आहे. दिवाळीच्या कामात जागा अडायला लागली म्हणून ती जुने फोटो पुसत होती, तेव्हा तिला लडाखच्या त्या संध्याकाळच्या नऊ फ्रेम सापडल्या. न कापलेल्या. तिनं मला हाक मारली नाही. मी जेवून आलो तर संगणकावर सातवी फ्रेम लावून ती समोर बसली होती.

"ही तुमची सावली हाय ना?" तिनं विचारलं. "हिचा हात वर कशाला?"

मग ती म्हणाली, "त्या बाईला तिचं लेकरू परत मिळंल असं एक वाक्य तुमच्यापाशी हाय. आणि तुम्ही त्याच्यावर बसून राहिलात. मी काय म्हणू तुम्हाला?" त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. चुकीचं नाही तिचं.

आता नीट सांगतो.

जावेद दगडांच्या ओळीच्या आत होता हे खोटं आहे. पहिल्या फ्रेमपासूनच तो ओळीच्या पुढं होता, कारण आतून तो फोटोत फार मोठा दिसत होता. ओळ ओलांडताना त्यानं माझ्याकडं बघितलं होतं, मी पुढं हो म्हणालो होतो. चार, पाच, सहा या फ्रेममध्ये त्याचं डोकं नेमकं डोंगराच्या रेषेला लागत होतं. रेष तुटत होती. मला तो अजून लहान हवा होता.

वाऱ्यात बोलणं शक्य नव्हतं, म्हणून खुणा चालू होत्या. सातव्या फ्रेमला त्यानं हात वर केला, पंजा उघडा. तुम्हाला त्या खुणा माहीत आहेत की नाही मला ठाऊक नाही. उघडा पंजा म्हणजे, बास, आता सोडू का. लग्नात तासतासभर लाईट धरून हात भरून आला की तो असाच पंजा दाखवायचा. तो निरोप घेत नव्हता. पायाखाली त्याला काहीतरी जाणवलं होतं आणि तो मला विचारत होता, परत येऊ का.

मी दोन बोटं दाखवली. दोन पावलं मागं.

बारा वर्षांत दोन बोटं दाखवल्यावर जावेद मागं सरकला नाही असं एकदाही झालेलं नाही. मांडवाच्या दोरीला अडखळला, कढईच्या चुलाणाला भाजला, एकदा कार्यालयाच्या ओट्यावरून उलटा पडला, पण लाईट खाली ठेवला नाही आणि मागं न बघता दोन पावलं गेला. कारण मी कॅमेऱ्यातून बघतोय आणि मला त्याच्या मागचं दिसतंय, असा त्याचा विश्वास होता. आमच्या कामाची ती रीतच आहे. ज्याच्या हातात लाईट आहे त्यानं मागं बघायचं नाही, कॅमेरावाल्यानं त्याच्यासाठी बघायचं. मी डोंगराची रेष बघत होतो.

आठव्या फ्रेममध्ये त्याचा एक पाय उचललेला आहे. नवव्या फ्रेममध्ये माणूस नाही. नववी फ्रेम मी काढली, भाभी. बोट आधीच दाबलं गेलं होतं असं मी स्वतःला सांगतो. दोन फ्रेमच्या मधे चार सेकंद आहेत.

आता ती दुसरी गोष्ट. फोननंतर जावेद गप्प होता हे मी चाचींना सांगितलं तेही खोटं आहे. फोन ठेवून तो हसला. म्हणाला, "शेठ, घरी डोकं गरम हाय. बरोबर हाय तिचं. उद्या सकाळी निघू, आता एक दिवसबी वाढवू नको. छोटीला ईदची मेहंदी मलाच लावायची असती, अनिसाचा हात हलतो." मग त्यानं मला लोकरीची टोपी दाखवली आणि ती छोटीला मोठी होईल का म्हणून स्वतःच्या मुठीवर घालून बघितली. तो आनंदात होता. तुमच्या बोलण्याचा त्याच्या मनावर ओरखडासुद्धा नव्हता.

मी म्हणालो, उद्या नक्की निघू, आज फक्त हा एक फोटो.

दफनाच्या दिवशी चाचींनी विचारलं आणि माझ्या तोंडातून ते वाक्य निघालं. ठरवून नाही निघालं. पण चाचींनी आतल्या दाराकडं पाहिलं तेव्हा मला कळलं की आता माझ्याकडं कुणी बघणार नाही, आणि मी ते वाक्य परत घेतलं नाही. ते ठरवून होतं. सात महिने रोज ठरवून होतं. तुमच्या लेकराच्या आणि तुमच्या मधे जो घाट आहे तो मी घातलाय.

माफी मागायची मला लाज वाटते, म्हणून मागत नाही.

सुदर्शन


फर्दापूर,
२३ नोव्हेंबर २०२५

अनिसाभाभी,

तुमचं उत्तर मिळालं. माझंच पत्र तुम्ही परत पाठवलंत आणि शेवटच्या पानामागं चार ओळी लिहिल्यात. त्या मला पाठ झाल्या आहेत. "उघडा पंजा म्हणजे काय ते मला माहीत आहे. पेपरात फोटो पाहिला त्याच दिवशी कळलं होतं. मला सांगून तुमचं मन हलकं होईल, माझी मुलगी मला मिळणार नाही. फर्दापूरला जाऊन सांगा."

फोटो पाहून तुम्हाला कळलं होतं आणि तुम्ही बोलला नाहीत, कारण तुमच्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. हे वाचल्यावर मला घरात बसवेना. तरी पंधरा दिवस लागले. मी असाच आहे.

आज सकाळी सातवी फ्रेम न कापता मोठी काढली आणि इथं आलो. हे पत्र तुमच्या सासऱ्यांच्या ओट्यावर बसून लिहितोय.

चाचा अंगणात खाटेवर होते. चाची आत होत्या, छोटी त्यांच्याजवळ. मी फोटो चाचांच्या हातात दिला. त्यांनी ट्रंकेतून पहिला फोटो आणवला आणि दोन्ही शेजारी ठेवले. जावेदकडं त्यांनी पाहिलंच नाही. खालच्या कडेच्या सावलीवर बोट ठेवलं.

"ही व्हय," ते म्हणाले. "मला वाटलंच व्हतं, एवढी मोठी चीज जाईल कुटं."

मग मी बोललो. दगडांची ओळ, पंजा, सगळं. चाची दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोललो. फोननंतर जावेद काय म्हणाला तेही सांगितलं, मेहंदीचं आणि टोपीचं. मला वाटलं चाची ओरडतील, मारतील. त्या दाराची चौकट धरून तशाच उभ्या होत्या.

चाचा खाटेवरून उठले. माझ्यासमोर पाचसहा हातांवर उभे राहिले.

"त्यानं कसा हात केला? दाखव."

मी पंजा वर केला.

"आन् तू?"

मला हात उचलेना. ते म्हणाले, "दाखव. माज्या पोराला दाखवला तसा दाखव."

मी दोन बोटं वर केली.

भाभी, चाचा मागं सरकले. मागं न बघता, माझ्या हाताकडं बघत, एक पाऊल आणि दुसरं पाऊल. त्यांची पाठ भिंतीला टेकली. त्यांना कळलंसुद्धा नव्हतं आपण सरकलो ते. वीस वर्षांची सवय, बोटं दिसली आणि पाय गेले. भिंत लागल्यावर त्यांनी मागं वळून भिंतीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि तिथंच खाली बसले. पंच्याहत्तरीचा माणूस, भुईवर बसून पोरासारखा रडला. चाचीही रडल्या, पण दारातच. एकमेकांजवळ कुणी गेलं नाही.

लेहच्या पोलिसांना माझा नवा लेखी जबाब काल रजिस्टर पोस्टानं पाठवला आहे. त्याची एक प्रत याच्यासोबत जोडतोय. पुण्याच्या प्रदर्शनवाल्यांनाही कळवलंय, फोटो त्यांनी उतरवावा. पुढं जे व्हायचं ते होईल. त्याबद्दल तुम्ही विचार करू नका.

तासाभरानं चाचा उठले, तोंड धुतलं, चाचींना म्हणाले, "बच्ची के कपडे निकालो. मैं बहू कू लेने जारा. वो आती बोली तो आएगी, नक्को बोली तो बच्ची उसके पास छोड के आता मैं." चाची आत गेल्या. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. तुमच्यासमोर यायला त्यांना वेळ लागेल असं मला वाटतं, आणि त्या आल्या तरी तुम्ही त्यांना जवळ करावं असं सांगायचा अधिकार मला नाही.

छोटी लोकरीची टोपी घालून अंगणात फिरतेय. टोपी तिला मोठी होते, डोळ्यांवर येते.

मी चाचांना म्हणालो, गाडी आणलीय, घाटातून वर सोडतो तुम्हाला, दुपारचं ऊन आहे.

ते चपला घालत होते. मान वर न करता म्हणाले, "तुज्या सांगण्यावरनं आमच्या घरचं माणूस आता एक पाऊलबी टाकायचं नाय."

ते एस.टी.नं येत आहेत. हे पत्र त्यांच्या खिशात देतोय, ते घेतो म्हणालेत. घाटात छोटीला उलटी होते ना, म्हणून पिशवीत कपड्यांवर एक लिंबू ठेवलेलं आहे. ते चाचींनी ठेवलं.

सुदर्शन